पामॅरिस लाँगसच्या समूळ उच्चाटनाबद्दल आभार

कार्यक्रमपत्रिकेत नवव्या क्रमांकावर माझं नाव होतं. आभारप्रदर्शन : श्री. त्र्यंबक कारखानीस. पण आठव्या क्रमांकाच्या मध्येच बुफेची झाकणं उघडली आणि साडेतीनशे माणसांनी एकदम खुर्च्या मागे सरकवल्या. मी माइकपर्यंत पोचलो तेव्हा समोर माइकवाला आणि एक मांजर होतं.

"काका, बोलायचंय का? की वायर गुंडाळू?"

मी म्हटलं, गुंडाळ.

पण भाषण लिहिलेलं होतं, आणि विमा कंपनीच्या दावे विभागात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला लिहिलेला कागद फाडवत नाही. तो फाइलला लागावाच लागतो. म्हणून ते भाषण इथे करतो. मूळ मजकूर दोन मिनिटांचा होता. नंतर त्यात बरीच भर पडली, कारण तो लिहिला तेव्हा आपण काय करून बसलो आहोत हे मला माहीत नव्हतं. आता सगळं समजलंय असाही माझा दावा नाही.

सर्वप्रथम आभार आमच्या पाण्याच्या टाकीचे.

वर्तकनगरमधल्या आमच्या सोसायटीची टाकी वर्षातून दोनदा धुतात. टाकीत उतरलेला माणूस वर येईपर्यंत जबाबदार सभासदानं गच्ची सोडायची नाही, हा नियम मी केलेला आहे आणि जबाबदार सभासदही मीच आहे. त्या शुक्रवारी माणूस चार वाजता वर यायचा होता. तो आत एक बादली सापडली म्हणून थांबला. बादली कोणाची यावर वरून तीन मजल्यांची मतं घ्यावी लागली. साडेपाच वाजले.

आणि त्याच शुक्रवारी चार वाजता माझ्या बायकोचा, डॉ. सुमेधाचा, तिच्या कॉलेजात सत्कार होता. सुमेधा एका मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवते. म्हणजे डॉक्टर आहे, पण तिच्याकडे पेशंट येत नाहीत. तिच्याकडे जे येतात ते काही तक्रार करत नाहीत. 'अध्यापकांचे अलीकडील यश' असा तो कार्यक्रम होता आणि पाच जणांत तिचं नाव पहिलं होतं. मी येतो असं तीनदा सांगितलं होतं.

ती सातला घरी आली. हातात एक काचेची ढाल. ती तिनं फ्रिजवर ठेवली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "अरे, असू दे. आला असतास तरी तुला काय कळलं असतं?"

चिडून म्हणाली असती तर मी भांडलो असतो. भांडण मला जमतं. पण ती अगदी सहज म्हणाली, कोथिंबीर संपली असं सांगावं तसं, आणि हात धुवायला गेली.

मी फ्रिजसमोर उभा राहिलो. माझ्या बायकोनं नक्की काय केलं? तिचं लग्न झालंय माझ्याशी, एकोणतीस वर्षांपूर्वी. एका वाक्यात सांगता यायला हवं. आलं नाही. तिला विचारणं शक्य नव्हतं. विचारलं असतं तर तिचं म्हणणं खरं ठरलं असतं. तेव्हा तिथेच ठरवलं. आपणच तिचा सत्कार करायचा. जाहीर, अचानक, आणि तिनं काय केलं ते एका वाक्यात, मोठ्या अक्षरांत लिहून. तिनं ते वाचायचं आणि म्हणायचं, अरे, कळलं की तुला!

(इथे भाषणात टाळ्यांसाठी जागा सोडली होती.)

दुसरे आभार सोसायटीचे सचिव आनंद कर्णिक यांचे. माझी कल्पना साधी होती. सोसायटीचं कार्यालय, वीस खुर्च्या, शाल, श्रीफळ, बटाटेवडे. आनंदरावांनी डोळे मिटून ऐकलं. ते डोळे मिटतात तेव्हा तत्त्वाचा प्रश्न येणार हे आम्हांला ठाऊक असतं.

"त्र्यंबकराव, एक विचारू? व्यवस्थापन समितीचा सभासद कोण? तुम्ही. सत्कार कोणाचा? तुमच्या मिसेसचा. उद्या लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"घराणेशाही म्हणतील."

"मग काय करायचं?"

"व्याप्ती वाढवा. एकट्या वहिनींचा करू नका. कॉलेजातल्या सगळ्या यशस्वी प्राध्यापकांचा करा. मग वहिनी त्यात सहज येऊन जातील."

मला ते पटलं. तत्त्वाच्या गोष्टी मला ऐकताना पटतात, त्रास नंतर होतो. मी कॉलेजात फोन करून बाकीच्या चौघांची नावं मिळवली आणि सुमेधाला कळू द्यायचं नाही अशी शपथ प्रत्येकाला घातली. आठ दिवसांपूर्वीच सत्कार झालेले ते चौघंही पुन्हा सत्काराला आनंदानं तयार झाले. तिचे विभागप्रमुख डॉ. सलिल यांनी तर शालीचा रंगही सुचवला.

पाच सत्कारमूर्ती, त्यांची घरची माणसं, आमची छप्पन्न बिऱ्हाडं. कार्यालयात वीस खुर्च्या.

म्हणून तिसरे आभार गोविंदाशेठ यांचे. कल्याण-शीळ रस्त्यालगत त्यांचं लॉन आहे. त्यांच्या वडिलांनी तिथे भात लावला, आई मिठागरात राबली, आणि आता तिथे रोज कोणाचं तरी लग्न लागतं. पाचांतली सगळ्यांत धाकटी सत्कारमूर्ती डॉ. कल्पिता ही त्यांची मुलगी. सुमेधाचीच विद्यार्थिनी, नुकतीच त्याच कॉलेजात व्याख्याती झालेली. मी तिला फोन केला होता. तो वडिलांनी घेतला.

"साहेब, हॉल बघताव कशाला? आपला लॉन हाय ना! रविवारी सकाली रिकामा हाय. जेवन माजे कडून. तुमी फकस्त बॅनरचा बगा. आनि माजे पोरीचा फोटू जरा दिसाला पायजे."

मी म्हटलं, बॅनर लहानसाच असेल.

त्यांनी मला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग अतिशय समजुतीच्या स्वरात ते म्हणाले, "साहेब, लहान बॅनर लावला तर लोकांना वाटंल कोन तरी वारला."

इथवर सगळं ठीक होतं. म्हणजे मला ठीक वाटत होतं. वीस खुर्च्यांचं साडेतीनशे झालं होतं आणि बटाटेवड्यांची जागा पनीरनं घेतली होती, पण वाक्य माझंच असणार होतं.

ते वाक्य.

आभार क्रमांक चार : हितेश. टेंभी नाक्यावर बॅनर छापतो. सणासुदीला त्याच्याकडे उभं राहायला जागा नसते, त्यामुळे इतर दिवसांतही तो माणसाला उभंच ठेवतो. त्याला सुमेधाचा फोटो हवा होता. तिचा एकटीचा फोटो माझ्याकडे नव्हता. कोणाच्या तरी लग्नातला आमच्या दोघांचा दिला. त्यानं मला कापलं. पण माझा पंजा तिच्या खांद्यावर राहिला, तो काही निघेना. "राहू द्या काका, आशीर्वाद दिल्यासारखा वाटतो," असं हितेश म्हणाला. सोहळ्याच्या बॅनरवर माझं स्थान एवढंच.

"आता काकूंनी काय केलं ते बोला. सात-आठ शब्दांत. नाहीतर लोकांना निवडणूक वाटते."

मी खिशातून कागद काढला. ढालीवरचं इंग्रजी मी पहाटे उठून उतरवून घेतलं होतं आणि मराठी करून ठेवलं होतं : ठाणे जिल्ह्यातील तीन हजार रहिवाशांमध्ये पामॅरिस लाँगसचा अभाव. सर्वोत्कृष्ट शोधनिबंध.

मी आयुष्यभर दाव्यांचे कागद वाचले आहेत. कागद काय म्हणतो आणि काय म्हणत नाही, हे ओळखणं हेच माझं काम होतं. तीन हजार माणसांत अमुक एका गोष्टीचा अभाव आहे आणि त्याबद्दल बक्षीस मिळालं आहे. आता, जी गोष्ट कधी नव्हतीच ती नसल्याबद्दल कोणी बक्षीस देत नाही. म्हणजे ती होती. ती आता नाही. ती कोणी घालवली? जिला बक्षीस मिळालं तिनं. माझा ऊर भरून आला. मोबाइलवर खात्री करायला गेलो, तर पहिल्याच चित्रात सोललेला हात, लाल मांस, त्यावरून पांढऱ्या दोऱ्या गेलेल्या. मी घाईघाईनं मोबाइल उलटा ठेवला. रक्त मला पाहवत नाही. पण आजार किती भयानक असेल याची कल्पना आली. आणि ही बाई रोज डबा घेऊन कॉलेजात जाते, संध्याकाळी येऊन आमटीला फोडणी घालते, आणि एका शब्दानं कधी बोलली नाही!

बॅनरचा पहिला मसुदा असा होता :

*डॉ. सुमेधा कारखानीस : पामॅरिस लाँगस या आजारावर ठाणे जिल्ह्यात मात.*

हितेशला 'मात' कमी वाटली. दुसरा मसुदा :

*पामॅरिस लाँगस या भयंकर आजाराचे ठाणे जिल्ह्यातून समूळ उच्चाटन करणाऱ्या डॉ. सुमेधा कारखानीस यांचे हार्दिक अभिनंदन!*

खाली बाकीचे चौघे. त्याखाली शुभेच्छुकांची एक्याऐंशी नावं. वर डाव्या कोपऱ्यात, सगळ्या डॉक्टरांपेक्षा मोठे, गोविंदाशेठ, गॉगलसह.

(इथे भाषणात 'कलाकारांचे विशेष कौतुक' असं लिहिलं आहे. ते मी मागे घेतो.)

बॅनर लॉनच्या बाहेर रस्त्याच्या कडेला लागणार, म्हणून परवानगी. यासाठी आभार प्रभाग कार्यालयातल्या वैशाली मॅडमचे. कोणतं प्रभाग कार्यालय ते सांगत नाही. मॅडम सज्जन आहेत. त्यांनी मला दोन प्रतींत फॉर्म दिला. 'प्रयोजन' या रकान्यात चार पर्याय होते : वाढदिवस, निधन, धार्मिक, राजकीय.

"यश कुठे आहे?" मी विचारलं.

"यश हा प्रकार नाही आमच्याकडे. तुमच्या मिसेस हयात आहेत ना?"

"हो, म्हणजे काय!"

"मग वाढदिवस टाका."

"तिचा वाढदिवस मार्चमध्ये असतो."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग उरलेल्या पर्यायांकडे पाहिलं. शेवटी त्यांनी मोठ्या मनानं 'राजकीय'वर खूण करायला लावली. मग मजकूर वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"यात आजाराचं नाव आहे. आरोग्य विभागाचं ना-हरकत लागेल."

आरोग्य विभागात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर मी तीन दिवस गेलो. तिथल्या गृहस्थांनी या आजाराचा शेवटचा रुग्ण कधी आढळला असं विचारलं. मी म्हटलं, ते तुम्हीच सांगायचं. त्यांनी रजिस्टरं काढली. मागच्या वर्षाचं, त्याच्या मागच्या वर्षाचं. हिवताप होता, कावीळ होती, पामॅरिस लाँगस नव्हता. तिसऱ्या दिवशी मला पत्र मिळालं. जसंच्या तसं देतो :

*उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, या कार्यालयाच्या अभिलेखाची पडताळणी केली असता पामॅरिस लाँगस या आजाराचा एकही रुग्ण कार्यक्षेत्रात आढळून आलेला नाही. सबब बॅनर लावण्यास हरकत नाही.*

मी ते जिन्यातच दोनदा वाचलं. शासन मान्य करत होतं! एकही रुग्ण नाही! मी तडक टेंभी नाक्यावर गेलो आणि हितेशला मजकुराखाली आणखी एक ओळ घ्यायला लावली : आरोग्य विभागाकडून पडताळणी झालेली.

गुरुवारी बॅनर लागला. मी त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. सुमेधा त्या ग्रुपवर नाही. खोकल्यावर काय घेऊ असं सतरा जणांनी एकाच दिवशी विचारल्यावर ती बाहेर पडली होती. ग्रुपवर आलेले संदेश असे :

*अभिनंदन वहिनी!!*

*याची लस घ्यायला हवी का?*

*माझ्या सासूबाईंना २००४ साली झाला होता. फार सोसलं.*

*सकाळी अनुशापोटी लिंबूपाणी घेतल्यास होत नाही.*

*सी विंगमध्ये कोणाला आहे का? स्पष्ट सांगा. लिफ्ट एकच आहे.*

शनिवारी कल्पिताचे चार फोन येऊन गेले. मी एकही घेतला नाही, कारण त्या आठवड्यात सत्कारमूर्तींचे जे जे फोन आले ते फोटोच्या आकाराबद्दल होते. शेवटी तिचा संदेश आला : काका, बॅनरबद्दल अर्जंट बोलायचंय. मी करारी उत्तर पाठवलं : सर्व सत्कारमूर्तींच्या फोटोंचा आकार समान राहील. तिनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मला वाटलं, पोरगी समजूतदार आहे. कल्पिता, तुझे आभार. तुझी माफीही.

रविवार. सकाळी साडेदहा. सुमेधाला मी कल्पिताच्या घरचा कार्यक्रम आहे एवढंच सांगितलं होतं. ती मोरपंखी साडी नेसली होती. आम्ही गाडीतून उतरलो. समोर वीस फुटी बॅनरवरून गोविंदाशेठ गॉगलमधून आमच्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या शेजारी ती.

तिनं बॅनर वाचला. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचला.

बॅनरच्या बांबूला धरून डॉ. सलिल उभे होते. त्यांना उभं राहण्यासाठी बांबूची गरज होती, कारण ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं त्यांच्या. बाकीचे दोन प्राध्यापक विरुद्ध दिशेला तोंड करून, खांदे हलवत, रस्त्यावरची वाहतूक पाहत होते. कल्पिता मान खाली घालून उभी होती.

"हे कोणी लिहिलं?" सुमेधानं अगदी हळू विचारलं.

तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, आनंदानं. मी म्हटलं, "मीच. कळलं ना मला?"

"त्र्यंबक, तो आजार नाहीये. स्नायू आहे."

"कोणाचा?"

"कोणाचा काय? माणसाचा! हातात असतो. म्हणजे सगळ्यांना नसतो, आणि तोच तर माझा..." ती थांबली. "समूळ उच्चाटन? तीन हजार माणसांच्या हातातून मी स्नायू काढले असं लिहिलंयस तू. आणि पडताळणीसुद्धा केलीयस."

मी आरोग्य विभागाचं पत्र खिशातून काढलं. का काढलं ते विचारू नका.

"माझा अख्खा विभाग उभा आहे इथे," ती म्हणाली. "उद्या मी वर्गात कोणत्या तोंडानं जाऊ? मी घरी चालले."

आणि ती खरंच वळली. मी तिच्या मागे दोन पावलं गेलो. चौतीस वर्षं मी लोकांचे दावे नाकारताना सुरेख वाक्यं लिहिली आहेत, पण त्यांतलं एकही तिथे लागू पडत नव्हतं. ती आता गाडीत बसणार, आणि 'तुला काय कळलं असतं' हे वाक्य आमच्या घरात कायमचं फ्रिजवर राहणार, एवढंच मला दिसत होतं.

तेवढ्यात कोणीतरी तिचा पदर धरला.

सहावे आभार आवडाबाईंचे. गोविंदाशेठची आई. वय ऐंशीच्या पुढे. अर्धं आयुष्य मिठागरात फावडं ओढलेलं. गुरुवारपासून त्या बॅनर दुसऱ्यांकडून वाचून घेत होत्या.

"तूच ना गो ती डाक्तरीन? मना बग आधी. माजा हाय का गेला?"

सुमेधा म्हणाली, "आजी, तो आजार नाही हो..."

"ता मना नको सांगू. हात बग."

म्हातारीनं हात पुढे केला आणि सुमेधानं तो घेतला. मला वाटतं तिनं ठरवून घेतला नाही. एखाद्या शिंप्यासमोर कापड आलं की बोटं जशी आपोआप काठाकडे जातात, तसं झालं. मनगट उलटं केलं. "अंगठा करंगळीला लावा आजी. हां. आता मनगट आत दुमडा. अजून थोडं." तिनं बोटानं मनगटाच्या मधोमध चाचपलं. दुसरा हात पाहिला. मग तिचा चेहरा बदलला. रागातल्या माणसाला अचानक काहीतरी आवडीचं दिसावं तसा.

"नाहीये," ती म्हणाली. "दोन्हीकडे नाहीये."

आवडाबाई गर्दीकडे वळल्या आणि मिठागराच्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "गेला! माजा गेला!"

साडेतीनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. बँडवाल्यांनी कोणाची तरी खूण समजून सुरुवात केली.

मग रांग लागली. रांग म्हणजे आपल्याकडची रांग, चारही बाजूंनी. सगळ्यांचे हात पुढे. कल्पिता पुढे झाली, तिनं सुमेधाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी व्यासपीठावर चढल्या, आवडाबाईंना मध्ये घेऊन. सुमेधानं माइक हातात घेतला.

"सगळ्यांनी उजवा हात वर करा. अंगठा करंगळीला. मनगट दुमडा. मधोमध एक दोरी वर आलेली दिसते का?"

लॉनभर हात वर गेले. आणि लॉनभर किंकाळ्या.

"मला आहे!"

"अगं बाई, ह्यांना पण!"

आनंदराव कर्णिक खुर्चीवर उभे राहिले. "माझ्या दोन्ही हातांत आहे! त्र्यंबकराव, तुम्ही तर पडताळणी झाली म्हणालात! हा तत्त्वाचा प्रश्न आहे!"

"आनंदराव, खाली बसा," सुमेधा म्हणाली. मी तिला या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आनंदराव बसले. सगळेच बसले.

मग ती दहा मिनिटं बोलली. मी व्यासपीठाच्या पायरीवर बसून ऐकलं. ती म्हणाली, ही दोरी म्हणजे एका स्नायूचं टोक. बहुतेकांना असते, काहींना नसते. नसली तरी काही बिघडत नाही. या आजींनी चाळीस वर्षं मीठ ओढलं, त्यांना पत्तासुद्धा नव्हता. मग मी ती का मोजत बसले? कारण आपल्या भागात कारखाने आहेत. यंत्रात हात सापडतो, बोट हलवणारी दोरी तुटते. सर्जन तिच्या जागी ही दोरी लावतात, कारण ही काढली तर माणसाचं काही अडत नाही. पण कधी कधी भूल देऊन हात उघडतात आणि ती नसतेच. मग पाय उघडा, दुसरीकडे शोधा. हे आधी दहा सेकंदांत कळू शकतं. आत्ता तुम्ही केलंत तेवढंच. मी तीन हजार माणसांचे हात बघितले, मिठागरांत, कारखान्यांत, शाळांत, आणि किती जणांना नसते ते मांडलं. त्यावरून एक कार्ड केलं. ते आता काही रुग्णालयांत ऑपरेशनच्या आधी भरून घेतात. बस, एवढंच केलं मी.

कोणी टाळी वाजवली नाही. सगळे आपापल्या मनगटाकडे पाहत होते. मागच्या रांगेतला एक माणूस उठला, त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नव्हती. त्यानं तो हात जरा वर करून दाखवला आणि बसला. डॉ. सलिल हसायचे केव्हा थांबले, मला कळलं नाही.

मग शाली झाल्या, श्रीफळं झाली, आणि आठव्या क्रमांकाच्या मध्येच झाकणं उघडली. पुढचं तुम्हांला माहीत आहे.

शेवटचे आभार.

दुपारी तीनला लॉन रिकामं झालं होतं. खुर्च्या एकात एक चढवत होते. आमच्या दोन तेवढ्या ठेवल्या होत्या. सुमेधाच्या मांडीवर पाच नारळ होते. बाकीच्या सत्कारमूर्तींनीही आपापले तिला देऊन टाकले होते. मी हात पुढे केला. अंगठा, करंगळी, मनगट.

"माझ्यात आहे बघ. मोज मलाही."

"तुला कधीच मोजलंय. पहिला हात तुझाच होता. जेवणाच्या टेबलावर. पद्धत बरोबर चालते का बघायला."

"मग मी त्या तीन हजारांत आहे!"

"नाहीस. वगळला तुला."

"का?"

"तीनदा सांगितलं अंगठा करंगळीला लाव. तू तिन्ही वेळा दुसऱ्याच बोटाला लावलास आणि टीव्ही बघत राहिलास. फॉर्मवर कारण लिहिलंय मी. सहभागी व्यक्ती सूचना ऐकत नाही."

मी हात मागे घेतला. कागदोपत्री दावा नाकारला गेला होता, आणि कारण योग्य होतं.

तिनं नारळ खाली ठेवले. माझ्याकडे वळून बसली.

"सांग," ती म्हणाली. "मी काय केलं?"

मी घसा साफ केला. म्हटलं, "हाताच्या आत एक दोरी असते. काहींना नसते, आणि नसली तरी त्यांचं अडत नाही. पण दुसरी दोरी तुटली तर सर्जनला ही लागते, आणि ऐन वेळी ती सापडत नाही. तू आठ वर्षं तीन हजार माणसांचे हात हातात घेऊन..."

"अकरा."

"काय?"

"अकरा वर्षं."

मी थांबलो. खुर्च्या उचलणारे आमच्याजवळ येऊन थांबले होते. तिनं त्यांना हातानं थोडं थांबायची खूण केली.

मी पहिल्यापासून सुरुवात केली.